आजचं बोला

हे लिहायला घेतले तेव्हा माझ्यापुढे एकच प्रश्न होता. कर्करोगाच्या रुग्णाला किरणोपचार देताना, आज द्यावा की थांबावे, हे ठरवण्याचा अधिकार कोणाला असावा? ज्याची सही कागदावर असते त्याला, की ज्याचे डोळे पडद्यावर आणि बोट बटणावर असते त्याला? माझे या प्रश्नाचे उत्तर बरीच वर्षे चुकीचे होते. ते आमच्या विभागातल्या एका बाईंनी बदलले. म्हणून मी उत्तर सरळ मांडण्याऐवजी त्या बाईंविषयी लिहितो. नाव मात्र लिहीत नाही. नाव कामाच्या कागदावर असावे, कौतुकाच्या लेखात नसावे, असे त्यांचे ठाम मत आहे.

बटण दाबण्यापूर्वी बाई बोट उचलायच्या. रुग्ण आत टेबलावर झोपलेला, जाड दार बंद, बाहेरच्या खोलीत बाई पडद्यासमोर, तर्जनी बटणाला टेकलेली. सगळे तयार. आणि नेमक्या त्या वेळी बोट दोन इंच वर जायचे, वर्गात शंका विचारणाऱ्या विद्यार्थ्यासारखे. समोरचे चित्र त्या डावीकडून उजवीकडे वाचल्यासारख्या पुन्हा एकदा बघायच्या. मग बोट खाली. हे प्रत्येक रुग्णाला, रोज, वर्षानुवर्षे. मी एकदा घड्याळ लावून पाहिले होते. सात सेकंद. शेजारून कोणी घाई केली, "मॅडम, काल तर बरोबर होतं," तर त्यांचे उत्तर ठरलेले होते.

"कालचं काल झालं. आजचं बोला."

हे "आजचं" म्हणजे काय, ते आधी नीट सांगितले पाहिजे, कारण बाईंचा सगळा झगडा त्या एका शब्दासाठी होता. किरणोपचार सुरू करण्याआधी रुग्णाचा सीटी स्कॅन होतो. त्या चित्रावर डॉक्टर गाठीची हद्द आखतात. माझ्यासारखा फिजिसिस्ट किरण कोठून आणि किती जायचे हे बसवतो. याला आम्ही प्लॅन म्हणतो. मग तो प्लॅन पाच आठवडे, आठवड्याचे पाच दिवस वापरायचा. एका दिवसाच्या उपचाराला सिटिंग म्हणतात. सुरगाणा-पेठकडच्या पाड्यांवरचे लोक त्याला "लाइट घेणे" म्हणतात. आता ध्यानात घ्या, प्लॅन ज्या शरीरावर आखला ते शरीर त्या एका दिवसाचे होते. माणूस वाळतो. गाठ लहान होते. आतडे फुगते. आणि सर्वांत चंचल असते ते मूत्राशय. ते भरले की गर्भाशय वर आणि मागे ढकलला जातो, रिकामे झाले की पुढे येऊन बसतो. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग असेल तर म्हणूनच बाईमाणसाला रोज सारखे पाणी पाजून, सारखा वेळ बसवून मग आत घेतात. तरीही मूत्राशय रोज सारखे भरत नाही. एकच धडा शिकवूनही वर्गातल्या वह्या सारख्या निघत नाहीत, हे मी नोकरीच्या पहिल्या दहा वर्षांत, कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवताना पाहिले होते. शरीराचेही तसेच असते, हे मला बाईंनी शिकवले.

हुद्द्याने बाई रेडिएशन थेरपी तंत्रज्ञ होत्या. रुग्ण त्यांना सिस्टर म्हणत, ऑफिसातले लोक टेक्निशियन म्हणत. विभागाच्या दाराशी एक फलक होता. त्यावर डॉक्टरांची नावे पदव्यांसकट होती, त्याखाली माझे नाव होते, आणि यंत्र चालवणाऱ्यांच्या जागी "तंत्रज्ञ" एवढा एकच शब्द होता. बाई त्या फलकापाशी रोज दोन क्षण थांबत. एकदा मला म्हणाल्या, "सर, आपल्या लिफ्टमध्ये लिफ्ट बनवणाऱ्याचं नाव आहे. बघितलंत का?"

मी म्हणालो, "फलक लहान आहे, मॅडम."

"फलक लहान नाही. यादी लहान आहे."

त्या देवळाली कॅम्पातून स्कूटरवर येत. वडील लष्कराच्या वर्कशॉपमध्ये बिगरलष्करी कामगार होते. तोफांची दुरुस्ती करण्यात त्यांचे आयुष्य गेले. आमच्याकडे उशिरा येणाऱ्या प्रत्येकाची एकच सबब असे, की द्वारका चौकातल्या गर्दीत अडकलो. बाईंनी ती सबब कधी वापरली नाही आणि कोणाची ऐकूनही घेतली नाही. "द्वारका रोजच अडकते. तुम्हाला आज कळलं का?" असे विचारून त्या समोरच्याला गप्प करत, आणि स्वतः घरून वीस मिनिटे आधी निघत.

आता मूळ गोष्ट. सुरगाण्याच्या पलीकडच्या एका पाड्यावरून एक मावशी उपचारांना येत. पन्नाशीच्या, काटक, बोलायला तिखट. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग, पंचवीस सिटिंग ठरलेली. पहाटेच्या जीपने निघायचे, नऊच्या सुमारास पोचायचे, लाइट घ्यायची आणि एकच्या आत पेठ नाक्यावर परतीची जीप पकडायची. ती चुकली तर दुसरी नाही. रुग्णालयाच्या धर्मशाळेत राहा म्हटले तर म्हणत, "घरी नागली कोन बघंल? तुम्ही येता का?" नागली म्हणजे त्यांच्या शेतातली नाचणी.

मावशींची अडचण अशी, की त्या सकाळपासून पाण्याचा थेंब घेत नसत. बाईंनी कारण विचारले.

"जीपवाला बाईमानसासाठी थांबत नाय. पुरुष मानूस म्हनला का लगेच थांबतो. मंग पानी कशाला प्यायचं?"

त्यामुळे त्या कोरड्या येत. इथे आल्यावर पाणी प्यायच्या, बसायच्या. चित्र घ्यावे तर मूत्राशय प्लॅनपेक्षा लहान. आमचा नियम असा होता, की चित्र प्लॅनशी जुळले नाही तर डॉक्टरांना दाखवायचे आणि त्यांच्या मंजुरीनंतरच पुढे जायचे. डॉक्टर शेजारच्या इमारतीत ओपीडीत, समोर साठ माणसे. निरोप जायचा, डॉक्टर मोकळे व्हायचे, यायचे, बघायचे. तोवर अर्धा तास. आणि अर्ध्या तासापूर्वी जे मूत्राशय लहान होते ते आता प्लॅनपेक्षा मोठे झालेले. चित्र शिळे. पुन्हा बाथरूम, पुन्हा पाणी, पुन्हा वाट. तोवर जीपची वेळ. पहिल्या नऊ सिटिंगच्या दरम्यान मावशी दोन वेळा लाइट न घेता परत गेल्या.

"सही येईपर्यंत मूत्राशय थांबत नाही, सर," बाई मला म्हणाल्या.

"पण नियम बरोबर आहे ना?"

"नियम बरोबर आहे. उशीर चुकीचा आहे."

मी त्यावर काही केले नाही. नियमाच्या बाजूला उभे राहणे मला सोपे वाटत असे, आणि सोप्या बाजूला मी बरोबर बाजू समजत असे.

यात धोका काय, हेही सांगतो. या आजारात उपचारांचा एकूण काळ लांबला की त्यांचा उपयोग कमी होतो, हे आमच्या क्षेत्रात सर्वांना ठाऊक आहे. आणि लांबण्याचे सर्वांत सोपे कारण म्हणजे रुग्ण येणेच बंद करतो. दुसऱ्यांदा परत जाताना मावशी दारात उभ्या राहून म्हणाल्या, "दोनदा फुकट आले. तिसऱ्यांदा फुकट आले तं मी आपली घरीच बरी. मरायचं तं पाड्यावर मरू, जीपमधी कशाला."

बाईंनी त्यांचा हात धरला. "मावशी, यापुढे मी तुम्हाला फुकट पाठवणार नाही. माझा शब्द."

"तुझा शब्द चालतो का इथं?"

तो प्रश्न त्यांच्या मनाला चांगलाच लागला असावा, कारण त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही.

दुसऱ्याच दिवशी प्रसंग आला. चित्र घेतले, जुळत नव्हते. बाईंनी मोठ्या डॉक्टरांना, म्हणजे आमच्या विभागप्रमुखांना, फोन लावला. मी शेजारी होतो. ओपीडीतला गलका फोनमधून ऐकू येत होता.

"किती फरक आहे?" डॉक्टरांनी विचारले.

"बघावं लागेल, सर. गर्भाशयाचं टोक हद्दीबाहेर दिसतंय मला."

"थोडं इकडे-तिकडे असेलच. दोन दिवस गेलेत तिचे. चालवा."

"आपण चित्र बघितलं का?"

"मी सांगतोय ना, चालवा."

बाईंचे बोट बटणावर होते. मावशींना दिलेला शब्द पाळायचा तर बटण दाबणे एवढेच बाकी होते. मंजुरी तोंडी का होईना, मिळाली होती. कोणी विचारले असते तर मोठ्या डॉक्टरांचे नाव सांगता आले असते. मीही मनात म्हणत होतो, दाबा.

बोट वर गेले. सात सेकंद झाले, दहा झाले, खाली आले नाही.

"न बघता सांगितलेलं मी दाबणार नाही, सर," बाई फोनवर म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

मग त्यांनी नोंदवहीत लिहिले: "तोंडी मंजुरी मिळाली. चित्र पाहिलेले नाही. उपचार दिला नाही." खाली पूर्ण नाव. मावशींना टेबलावरून उतरवून बाहेर बाकावर बसवले. जोडीदार तंत्रज्ञ मालेगावचे एक मितभाषी गृहस्थ होते. त्यांना यंत्रापाशी बसवले. आणि चित्राची छापील प्रत घेऊन बाई ओपीडीत गेल्या. रांगेतल्या माणसांमधून वाट काढत डॉक्टरांच्या टेबलापाशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आता बघा, मग बोला."

डॉक्टर संतापले. पण चित्र समोर होते आणि त्यांना ते वाचता येत होते. गर्भाशयाचे टोक बोटभर बाहेर होते. तसाच उपचार दिला असता तर किरण निरोगी आतड्याला लागले असते आणि जिथे लागायचे तिथे कमी पडले असते. ते उठले आणि आमच्या विभागात आले. मावशींना पुन्हा तयार केले, पुन्हा चित्र घेतले, डॉक्टरांनी उभ्याउभ्या मंजुरी दिली. लाइट झाली तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. बाईंनी मावशींना स्कूटरवर मागे बसवले आणि पेठ नाक्यावर नेऊन जीपमध्ये बसवले. परत आल्यावर सांगत होत्या, "मावशी जन्मात पहिल्यांदा स्कूटरवर बसल्या. मला म्हणतात, जरा जोरात चालव ना, म्हातारी झाली का तू?"

तिसऱ्या दिवशी मेमो आला. कामाची जागा परवानगीशिवाय सोडली आणि रुग्णांसमोर वरिष्ठांशी वाद घातला, खुलासा करा. बाईंनी खुलासा दोन वाक्यांत केला: "मी चित्र दाखवायला गेले होते. चित्र सोबत जोडले आहे." मालेगावचे जोडीदार क्वचितच बोलत. तो खुलासा वाचून ते म्हणाले, "मॅडम, मेमो में मेरा भी नाम डलवाओ. अकेले अच्छा नहीं लगता."

शुक्रवारी मोठ्या डॉक्टरांनी बाईंना बोलावले. मलाही बोलावले. डॉक्टर वाईट माणूस नव्हते, हे मी मुद्दाम नोंदवतो. आधीच्या नोकरीत एका घाईच्या मंजुरीमुळे पोळलेले होते. अधिकार खाली दिला की चूकही खाली घसरते आणि सापडत नाही, अशी त्यांची खरी भीती होती.

"तुम्हाला नेमकं काय हवंय?" त्यांनी विचारले.

"तीन प्लॅन," बाई म्हणाल्या. "मूत्राशय रिकामं असताना, अर्धं असताना आणि भरलेलं असताना, तिन्हींचा स्कॅन सुरुवातीलाच करा. सर तिन्हींचे प्लॅन बनवतील, तुम्ही तिन्हींवर सह्या करा. मग आजचं चित्र बघून त्यातला एक निवडायची परवानगी आम्हाला द्या."

"निवडणं हे डॉक्टरचं काम आहे."

"हद्द आखणं तुमचं. डोस सरांचा. आज ही बाई कोणत्या प्लॅनमध्ये बसते हे बघायचं काम मी अठरा वर्षं करतेच आहे. तुम्ही फक्त त्याला काम म्हणत नाही."

"आणि चुकलात तर?"

"तर कागदावर माझं नाव असेल. परवा मी बटण दाबलं असतं तर कोणाचं नाव असतं, सर?"

मग बाई जरा हळू बोलल्या. "आमच्या कॅम्पात तोफ मागे असते आणि बघणारा पुढे टेकडीवर असतो. गोळा कुठे पडला ते त्याला दिसतं, तोफेवाल्याला दिसत नाही. टेकडीवरचा माणूस थांबा म्हणाला की तोफ थांबते. माझे वडील सांगायचे, तो केवढ्या हुद्द्याचा आहे हे आधी कोणी विचारत नाही."

डॉक्टर माझ्याकडे वळले. "तुमचं काय मत?"

मी म्हणालो, "नियमात कुठे बसवायचं ते पाहावं लागेल."

बाईंनी माझ्याकडे पाहिले. रागाने नव्हे, वर्गातल्या हुशार मुलाने सोपे गणित चुकवले की आपण पाहतो तसे. "सर, तुम्ही मास्तर होता ना? परीक्षा न घेता मुलांना नापास करत होता का?" आणि डॉक्टरांना म्हणाल्या, "आमची परीक्षा घ्या."

तसे ठरले. शनिवारी मावशींचे पुन्हा स्कॅन झाले. "आज लाइट नाय? नुसता फोटू?" म्हणून त्यांनी कुरकूर केली. बाईंनी सांगितले, "हा फोटो पुढची प्रत्येक खेप वाचवायला काढलाय. हा फुकट नाही." मी रविवारी बसून तीन प्लॅन केले आणि त्यांना रिकामे, अर्धे, भरलेले या क्रमाने अ, ब, क अशी नावे दिली. पुढचे दोन आठवडे मोठे डॉक्टर रोज नऊ ते अकरा स्वतः यंत्रापाशी येऊन बसले. आजचे चित्र पडद्यावर आले की दोन्ही तंत्रज्ञांनी एकमेकांशी न बोलता चिठ्ठीवर अ, ब, क किंवा "थांबा" लिहायचे, घडी घालून माझ्याकडे द्यायचे. मग डॉक्टर आपली निवड सांगणार. मग मी चिठ्ठ्या उघडणार. उपचार डॉक्टरांच्या निवडीनेच होणार.

दोनच चिठ्ठ्या, पण उघडण्यापूर्वी मी त्या उगाच पुन्हा मोजत असे, हे कबूल करतो. बाई मात्र खुर्चीत मागे रेलून बसत. पहिल्या दिवशी जुळले. दुसऱ्या दिवशी जुळले. चौथ्या दिवशी दोन्ही तंत्रज्ञांनी "थांबा" लिहिले आणि डॉक्टरांनी "क" म्हटले, मग चिठ्ठ्या वाचून डॉक्टर पुढे झुकले, चित्र पुन्हा पाहिले आणि म्हणाले, "थांबा." त्या दिवशी बाईंनी सगळ्यांना चहा पाजला आणि चहाचे कारण सांगितले नाही.

सहाव्या दिवशी बाई चुकल्या. चित्रात मूत्राशय अर्धे भरलेले अगदी स्वच्छ दिसत होते. बाईंनी "ब" लिहिले. जोडीदाराने "थांबा" लिहिले. डॉक्टरही म्हणाले, "थांबा. मागे बघा." मूत्राशयाच्या मागे, मलाशयात वायू साठला होता आणि त्याने गर्भाशयाचे मुख पुढे ढकलले होते. मूत्राशय "ब" सांगत होते, मुख हद्दीच्या काठाला होते. इतके दिवस मूत्राशयासाठी भांडलेल्या बाईंना त्या सकाळी मूत्राशयच दिसले. ज्याने हे काम केलेले नाही त्याच्या हातून अशी चूक होणार नाही. ती एका गोष्टीवर फार काळ नजर ठेवणाऱ्याचीच चूक आहे.

मला वाटले, संपले. डॉक्टरांना हवे ते कारण मिळाले. मावशींना उतरवले, चालवले, बाथरूमला पाठवले, पुन्हा तयार केले. उपचार नीट झाला आणि जीपही मिळाली. मग बाई उठल्या. भिंतीवर पांढरा फळा होता, त्यावर यंत्राच्या दुरुस्तीची नोंद असे. ती पुसून त्यांनी ठळक अक्षरांत लिहिले: "आज माझी चूक झाली. मूत्राशय पाहिले, मागचा वायू पाहिला नाही. यापुढे आधी मागे पाहायचे." खाली पूर्ण नाव.

"हे पुसायचं नाही," त्या सफाई कामगाराला म्हणाल्या. मग डॉक्टरांकडे वळून, "सर, ही चूक तुमच्या नावावर झाली असती तर फळ्यावर आली असती का?"

प्रश्न उद्धट होता. डॉक्टरांनी बराच वेळ फळा वाचला. दुसऱ्या दिवशी ते नऊला पाच मिनिटे असतानाच येऊन बसले, आणि चित्र आले तेव्हा मी पाहिले, तेही आधी मागे बघत होते.

दोन आठवडे संपले. शेवटच्या दिवशी डॉक्टर उठताना म्हणाले, "सोमवारपासून मी इथे बसणार नाही."

"मग कुठे बसणार?" बाईंनी विचारले.

"ओपीडीत. तुम्ही दोघं वेगवेगळं बघून एकच प्लॅन निवडलात, तर द्या. निवड वेगळी आली किंवा थांबा आलं, तर फोन करा. मी बघायला येईन. फोनवर काही सांगणार नाही."

मेमो मागे घेण्याचीही त्यांनी तयारी दाखवली. बाई म्हणाल्या, "राहू द्या फाइलीत. पुढच्या टेक्निशियनला वाचायला होईल."

नव्या पद्धतीसाठी कागद मी तयार केला. त्यात रोजच्या सिटिंगपुढे एक रकाना होता: आजची निवड कोणी केली. मी तिथे आद्याक्षरांपुरती जागा ठेवली होती. बाईंनी कागद परत पाठवला. "सर, पूर्ण नाव बसेल एवढा रकाना करा. फलक लहान होता. हा कागद तुमच्या हातात आहे." मी रकाना रुंद केला.

सोमवारी मावशींचे तेविसावे सिटिंग होते. पडद्यापाशी कोणी डॉक्टर नव्हते. मी बघायला गेलो होतो, पण मला विचारायचे नाही असे ठरले होते. चित्र आले. बाईंनी आधी मागे पाहिले, मग पुढे. चिठ्ठीवर लिहिले. जोडीदाराने लिहिले. दोघांनी चिठ्ठ्या समोर ठेवल्या: अ आणि अ. बाईंनी रकान्यात आपले नाव लिहिले, बोट बटणावर टेकवले, आणि उचलले. अठरा वर्षांत पहिल्यांदा त्या सात सेकंदांना काही अर्थ होता, असे मला वाटले. मग लक्षात आले, अर्थ आधीपासून होता, कागद नव्हता. बोट खाली आले. मावशी दहाला पाच मिनिटे असताना बाहेर आल्या आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून म्हणाल्या, "एवढ्यात झालं? मंग आज बाजार करून जाते."

पंचवीस सिटिंग झाली. पुढचे, आत नळी ठेवून द्यायचे किरणोपचारही वेळेत झाले. मावशी आजही तपासणीला येतात, फडक्यात नागलीचे पीठ बांधून आणतात. त्या बऱ्या आहेत. पण त्या या पद्धतीमुळेच बऱ्या आहेत, असे मी म्हणणार नाही. एका रुग्णावरून काही सिद्ध होत नाही. मी वर्गात असे उत्तर दिलेल्या मुलाचे गुण कापले असते. सिद्ध झाले ते इतकेच, की त्या पुन्हा कधी लाइट न घेता परत गेल्या नाहीत, आणि रोज त्यांचे आजचे चित्र कोणीतरी नाव देऊन पाहिले होते.

गेल्या वर्षी बाई निवृत्त झाल्या. सभागृहात अकराला सत्कार ठेवला होता. शाल, श्रीफळ, भाषणे. अकरा वाजले, सव्वाअकरा झाले, बाईंचा पत्ता नाही. मोठ्या डॉक्टरांनी मला पाठवले. बाई यंत्रापाशी होत्या. आत एक रुग्ण तयार होती.

"मॅडम, सगळे थांबलेत."

"थांबू द्या. लोक थांबतात, सर. हिचं मूत्राशय थांबणार नाही."

शेवटी डॉक्टर स्वतःच शाल हातात घेऊन आले आणि भिंतीला टेकून उभे राहिले. त्यांच्यासमोर बाईंनी बोट उचलले, आधी मागे पाहिले, मग पुढे, आणि खाली आणले. रकान्यात नाव लिहिले. मग उठून म्हणाल्या, "द्या आता काय द्यायचं ते."

आता त्या खुर्चीत दुसरी मुलगी बसते. हुशार आहे. तिचेही बोट उचलते, कधी पाच सेकंद, कधी नऊ. फळ्यावरचे ते वाक्य अक्षरे फिकट झाल्यावर तिने स्वतः पुन्हा गिरवले. खालचे नाव तसेच ठेवले. दाराशी असलेला फलक मात्र अजून तोच आहे. देवळाली कॅम्पातून बाईंचा मधूनमधून फोन येतो. पहिला प्रश्न फलकाचाच असतो. मी सांगतो, अजून बदलला नाही. अर्ज पुन्हा दिलाय. त्या म्हणतात, "मागच्या अर्जाचं नका सांगू, सर. आजचं बोला."

सुरुवातीचा प्रश्न मी सोडलेला नाही. माझे उत्तर आता असे आहे: ज्याला दिसते त्याला ठरवू द्या, त्याला शिकवा, तपासा, आणि त्याचे नाव लिहा. हे माझे उत्तर आहे, आणि माझी उत्तरे आधीही चुकलेली आहेत. म्हणून एक विनंती करतो. तुमच्या घरातल्या कोणावर असे उपचार चालू असतील, तर एक दिवस यंत्रापाशी बसलेल्या व्यक्तीला तिचे नाव विचारा, आजचे चित्र कोणी पाहिले हे विचारा, आणि ते नाव कागदावर आहे का ते स्वतः पाहा.